टोळी की एकटा गडी?

नमस्कार श्रोतेहो.

दसरा उलटला की बीड, धारूरकडून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याकडे निघतात. टोळीत कोयते किती, मोळ्या कोण बांधणार, गाडी भरायला कुणाचा खांदा, हे मुकादमाला तोंडपाठ असतं. आता दुसरीकडे तालमीतला पैलवान बघा. एकदा आखाड्यात उतरला की डाव त्याचा, दमही त्याचाच. कॉम्प्युटरवरच्या रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या आरपीजीमध्ये, हीच दोन घराणी आहेत. टोळीच्या गेममध्ये तुम्ही मुकादम असता, आणि एकट्या नायकाच्या गेममध्ये पैलवान.

ही वाटणी जुनी आहे. 1981 साली आलेल्या ‘विझार्ड्री’त सहा जणांची टोळी घेऊन भुयारात उतरायचं असे. त्याच वर्षीच्या ‘अल्टिमा’त नायक एकटाच होता, 1983 मध्ये तिसऱ्या भागात त्याला चौघांची टोळी मिळाली. जपानच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’नंही 1986 मध्ये एकटा वीर दिला आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या भागात त्याचे तीन केले. आजची ठळक उदाहरणं घ्यायची तर टोळीसाठी 2023 चा ‘बाल्डर्स गेट 3’, आणि एकट्यासाठी 2011 चा ‘स्कायरिम’ किंवा 2015 चा ‘विचर 3’.

टोळीचा हिशेब आधी समजून घेऊ, कारण नवीन खेळाडू हमखास तिथंच मार खातो. ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये प्रत्येक गड्याला त्याच्या पाळीत एक मुख्य कृती, एक जोड कृती आणि साधारण 9 मीटर चालणं मिळतं. तुमचे चार, समोर आठ. म्हणजे एका फेरीत तुमचे चार घाव आणि त्यांचे आठ. नवखा माणूस काय करतो? चौघांना चार वेगवेगळ्या शत्रूंवर सोडतो. फेरी संपते तेव्हा चार शत्रू अर्धमेले असतात, पण मेलेला एकही नसतो. आणि अर्धमेला शत्रूसुद्धा पूर्ण ताकदीनं मारतो. पुन्हा आठ घाव तुमच्यावरच. त्याऐवजी चौघांनी मिळून दोघांना आडवं केलं, तर पुढच्या फेरीत घाव सहाच. टोळीच्या लढाईतलं निम्मं शहाणपण एवढ्या वजाबाकीत आहे.

उरलेलं निम्मं जागेत. समजा, शत्रूचे दोन धनुर्धर माळवदावर आहेत आणि बाकीचे दारातून आत घुसणार आहेत. ढालवाला दाराच्या तोंडाशी उभा करा, म्हणजे त्याच्यापर्यंत एका वेळी एक-दोघंच पोचतील. आपला धनुर्धर उंचावर चढवा; या गेममध्ये घाव लागला की हुकला हे फाशावर ठरतं, आणि उंचावरून नेम धरला की फाशात 2 ची भर पडते. पुरोहितानं पहिल्याच पाळीत ‘ब्लेस’ हा आशीर्वादाचा मंत्र टाकावा. तिघांच्या प्रत्येक हल्ल्यात एका चारपैलू फाशाची भर पडते, सरासरी अडीच. मुख्य फासा वीस पैलूंचा असल्यानं नेम लागण्याची शक्यता साधारण बारा टक्क्यांनी वाढते. बारा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण तीन जणांना आणि प्रत्येक फेरीत मिळतात.

आता बिघडतं कुठं, ते पाहा. ‘ब्लेस’ टिकतो पुरोहिताच्या एकाग्रतेवर. त्याला घाव बसला की फासा पडतो: किमान 10, किंवा बसलेल्या घावाचा अर्धा, यातलं जे जास्त असेल तेवढं यावं लागतं. 24 चा घाव बसला तर 12 हवेत. नाही आले तर मंत्र गेला आणि खर्चलेली शक्तीही वाया. शिवाय एका वेळी एकच एकाग्रतेचा मंत्र धरता येतो. दुसरा टाकला की पहिला आपोआप सुटतो. म्हणून पुरोहिताला ढालवाल्याच्या बरोबरीनं पुढं पळवू नका. आणि ‘फायरबॉल’ हा आगीच्या गोळ्याचा मंत्र टाकताना त्याच्या वर्तुळात आपला कुणी सापडत नाही ना, ते आधी बघा. सहा पैलूंचे आठ फासे आपलं-परकं करत नाहीत.

लढाईइतकंच बोलण्याचंही. गावाच्या वतीनं तहसीलदाराकडं जायचं असेल तर आपण बोलका माणूस पुढं करतो, दांडगा नव्हे. गेममध्ये मात्र जो गडी निवडलेला असतो त्याच्याच गळ्यात संभाषण पडतं, आणि फासाही त्याच्याच गुणांवर पडतो. करिष्मा, म्हणजे बोलण्याची छाप, अवघी 8 असलेला फरशीवाला मुखिया म्हणून पुढं चालवला, की जिथं गोड बोलून भागलं असतं तिथंही तलवारी निघतात. अनोळखी माणसाशी बोलण्याआधी बोलक्या गड्यावर क्लिक करायचं, एवढीच सवय लावून घ्या.

अन्नधान्याचं एक. खर्चलेले मंत्र रात्रभराच्या मुक्कामानं परत मिळतात. त्या मुक्कामाला मधल्या ‘बॅलन्स्ड’ काठिण्यावर 40 शिधा लागतो, अवघड ‘टॅक्टिशियन’वर 80. बरेच जण शिधा साठवत बसतात, मुक्कामच करत नाहीत, आणि मोठ्या लढाईत मांत्रिकाकडं मंत्रच उरत नाही. सापडलेलं खाणं पाठीवर वागवू नका, थेट तळावर पाठवा.

जुन्या टोळीच्या गेममध्ये अनुभवाचीही वाटणी होते. 1998 च्या पहिल्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये 600 गुण मिळाले तर सहा जणांत प्रत्येकी 100, पण दोघंच असाल तर प्रत्येकी 300. म्हणून मुरलेले खेळाडू तिथं मुद्दाम कमी माणसं घेऊन जातात. नवख्यानं सहाच्या सहा घ्यावेत. कुलूप उघडणारा नसला तर पेट्या तशाच सोडून यावं लागतं.

एकट्याच्या गेममध्ये चूक लपवायला शेजारी कुणी नसतो. ‘स्कायरिम’मध्ये 18 कौशल्यं आहेत, आणि जे वापराल ते वाढतं. इथला सापळा असा: लोहारकाम, औषधं बनवणं, बाजारात घासाघीस हे सगळं वाढवत बसलात तरी तुमची पातळी चढते. पातळी चढली की पुष्कळ शत्रूही तगडे होऊन समोर येतात. तलवारीचा हात मात्र तिथंच राहिलेला असतो. तेव्हा सुरुवातीला दोन-तीन कौशल्यं धरा. लपणं आणि धनुष्य ही जोडी सोपी: लपून मारलेला बाण दुप्पट लागतो, योग्य पर्क, म्हणजे पातळी चढल्यावर निवडायची खुबी, घेतला की तिप्पट. सगळं थोडं थोडं शिकलेला नायक विसाव्या पातळीला कशालाच पुरत नाही.

‘विचर 3’मध्ये तर तयारीच अर्धी लढाई. माणसाला पोलादी तलवार, राक्षसाला चांदीची, आणि पात्यावर त्या जातीचं तेल. दारूची बाटली जवळ ठेवून ध्यान केलं की संपलेली औषधं पुन्हा भरतात, त्यामुळं ती जपून ठेवण्यात काही अर्थ नाही. प्या.

मधलाही प्रकार आहे: नायक तुमचा, पण साथीदार स्वतःच्या मर्जीचे. 1997 च्या ‘फॉलआउट’मधला इयन यासाठीच बदनाम आहे. शत्रूवर फैर झाडताना मधे उभ्या नायकालाच तो गोळ्या घालायचा. असा सोबती असला की त्याच्या आणि शत्रूच्या मधल्या रेषेत उभं राहू नये. 2019 च्या ‘डिस्को इलिझियम’चा नायक एकटाच, पण त्याची 24 कौशल्यं त्याच्या डोक्यात एकमेकांशी भांडत असतात. त्याला टोळी म्हणायचं की एकटा गडी, यावर पारावर दोन तास सहज जातील.

आता आपल्याकडची व्यवहाराची गोष्ट. ‘बाल्डर्स गेट 3’ला 150 जीबी जागा लागते, तीही एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर. रोज 2 जीबीच्या मोबाइल पॅकवर उतरवायचा म्हटलं तर 75 दिवस. ‘विचर 3’चा मूळ गेम साधारण 50 जीबीत बसतो. पहिल्या ‘बाल्डर्स गेट’ची सुधारित आवृत्ती मात्र साध्या लॅपटॉपवर आणि मोबाइलवरही चालते. मशीन जुनं असेल तर पाळीचा गेम बरा: चित्र सेकंदाला 30 फ्रेमवर आलं तरी फासा तोच पडतो. ‘विचर’सारख्या हातघाईच्या गेममध्ये चित्र अडखळलं की वार चुकवायची वेळ हुकते. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा बेचाळिशी ओलांडतो तेव्हा सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा 30 वर बांधा आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नका.

आणि लाइट. सेव्ह, म्हणजे खेळ जिथवर आला त्याची नोंद, लिहिली जात असतानाच लाइट गेली तर ती फाइल खराब होऊ शकते. म्हणून एकाच सेव्हवर पुन्हा पुन्हा लिहू नका. तीन-चार आलटून पालटून ठेवा. ‘बाल्डर्स गेट 3’च्या ‘ऑनर मोड’ या सगळ्यात कठीण प्रकारात मात्र सेव्ह एकच असते. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.