बॉयलर आत आहे, बाहेर शोधू नका

मंडळी, जाहीर झालेला विषय आहे 'लेगोच्या ठोकळ्यांतून वाफेची रेलमोटर कशी बांधावी'. रेलमोटर म्हणजे वाफेचं इंजिन उतारूंच्या डब्यातच बसवलेली गाडी. त्यावर येतोच. आधी एक तक्रार मात्र मांडतो, कारण ती ऐकून घेणारी एवढी माणसं एरवी एका ठिकाणी सापडत नाहीत.

मॉडेल मांडलं की लोक वाकून बघतात, कौतुक करतात आणि विचारतात, "डबा झकास झालाय, पण इंजिन कुठंय?" डब्यातच आहे म्हटलं की पुढचा प्रश्न, "म्हणजे डिझेल?" मी छतातलं धुराडं दाखवतो, चाकांशेजारचे सिलिंडर दाखवतो. एका आजोबांनी धुराडं नीट निरखलं आणि निकाल दिला, "स्वयंपाकाचा डबा आहे." हसू नका, माझ्यापेक्षा ठामपणे बोलले ते.

त्यांना तरी काय बोलणार? गाडीच तशी विचित्र. ब्रिटनच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेने ऑक्टोबर १९०३ मध्ये चॅलफर्ड ते स्टोनहाउस अशी ती पहिल्यांदा चालवली. थोड्या उतारूंसाठी अख्खं इंजिन जुंपायचं आणि टोकाला पोचल्यावर ते सोडून दुसऱ्या बाजूला आणायचं, हा खर्च परवडेना. म्हणून उभा बॉयलर डब्याच्याच एका टोकाला उभा केला. उलट जाताना ड्रायव्हर दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचा, फायरमन मात्र बॉयलरपाशीच. दोघांचं बोलणं घंटीवर. मला विचाराल तर आदर्श सहजीवन.

१९०८ पर्यंत अशा ९९ गाड्या झाल्या. आणि मग गंमत बघा, त्या चालल्या म्हणून बुडाल्या! उतारू वाढले, मागे आणखी डबा जोडा अशी मागणी आली, आणि चढावर त्या चिमुकल्या बॉयलरचा दम उखडला. शेवटी बऱ्याच गाड्यांची इंजिनं काढून त्यांचे साधे डबे केले. १९०८ ची ९३ क्रमांकाची गाडीही त्यातलीच. पुढे तिचं तर कार्यालय झालं. डिडकॉटच्या रेल्वे संग्रहालयातल्या मंडळींनी तिच्यासाठी बॉयलर आणि इंजिन नव्याने बनवून २०११ मध्ये तिला परत वाफेवर आणलं. एवढं झाल्यावर तिला कुणी डबा म्हटलं की... असो. अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत.

तर माझं म्हणणं एकच: ही गाडी भिंतींपासून नव्हे, बॉयलरपासून बांधायची. कारण तो डब्याच्या जमिनीवर नाही, इंजिनाच्या ट्रॉलीवर, म्हणजे डब्याखालच्या वळणाऱ्या चाकगाड्यावर, उभा आहे आणि वळणावर ट्रॉलीबरोबर तोही फिरतो. मॉडेलमध्ये चार बाय चारचे गोल ठोकळे रचून थेट ट्रॉलीवर चढवा आणि जमिनीत भोक ठेवा, सगळीकडून निदान अर्धा स्टड मोकळं (स्टड म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा, मापाला ८ मि.मी.). धुराडं मात्र छताला लावा, बॉयलरला नको. नाहीतर पहिल्याच वळणावर छत उचकटेल.

आता वळण. लेगोच्या नेहमीच्या रुळांची त्रिज्या ४० स्टड, म्हणजे ३२० मि.मी. आठ स्टड रुंदी धरली तर ७० फुटी गाडी साठएक स्टड लांब होते आणि दोन ट्रॉल्यांमध्ये साधारण ४० स्टड अंतर पडतं. मग डब्याचा मध्य वळणाच्या आत ४३ मि.मी. सरकतो! जवळ फलाट असेल तर तो गेलाच. लांबी कापू नका, मोठ्या त्रिज्येचे रूळ घ्या.

पाचच मिनिटं? बरं. मोटर मागच्या ट्रॉलीत, म्हणजे पुढचे सिलिंडर आणि दांडे नुसते फिरतील, ओढायचं काम त्यांच्याकडे नको. वॉलशार्ट्स गिअर, म्हणजे सिलिंडरात वाफ सोडणाऱ्या झडपा हलवणारी दांड्यांची जुळणी, पूर्ण करायच्या भानगडीत पडू नका, मुख्य दांडा आणि एक हलती पट्टी पुरे. रंग ९३ क्रमांकासारखा हवा तर गडद लाल. बाजूच्या फळ्या आडव्या बसवलेल्या ठोकळ्यांच्या करा: पाच प्लेटींची, म्हणजे पातळ ठोकळ्यांची, उंची १६ मि.मी., म्हणजे बरोबर दोन स्टड, त्यामुळे फट राहत नाही. बॅटरी मध्ये, बाकांखाली. दांड्यांच्या पिना घट्ट दाबू नका, चाकं अडतात. प्रश्न असतील तर खाली टेबलापाशी या, मॉडेल तिथेच आहे. फक्त उचलताना छताला धरू नका.