धूर केव्हा येतो?

(शिवाजी उद्यमनगर, सकाळ. गाडीचं बोनेट उघडं, कॅमेरा सायलेन्सरच्या तोंडाशी.)

दोन लाख किलोमीटर पळालेली डिझेल गाडी धूर मारायला लागली, की गॅरेजमधलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘इंजिनचं काम निघालंय.’ कोल्हापुरात हे काम करून घेणं अवघडही नाही. बोअर करणारे, क्रँक ग्राइंडिंग करणारे, हेड फेसिंग करणारे, सगळे उद्यमनगरात हाकेच्या अंतरावर. सोय जवळ असली की इंजिन उतरवायची घाई होते. पण धुराच्या बऱ्याच तक्रारी इंजिन न उतरवता सुटतात. त्या ओळखायला लागतो एक मल्टिमीटर, चार सारख्या बाटल्या आणि एक चांगला चढ.

रंगांचं गणित बहुतेकांना पाठ असतं. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल, नाहीतर कूलंट. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. निळा धूर व्हॉल्व्ह सीलनं (व्हॉल्व्हवरून ऑइल खाली उतरू न देणारं सील) येतो, पिस्टनच्या रिंगांनी येतो आणि इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोनंही येतो. तिन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून रंगाबरोबर वेळ विचारायची. धूर सकाळच्या पहिल्या स्टार्टला येतो, चढावर येतो, की सिग्नलला उभं राहून निघताना?

त्यासाठी गाडी रात्रभर एका जागी उभी असायला हवी. ग्राहक येण्याआधी कुणी ती चालू करून गरम केली, तर निम्मी माहिती तिथंच गेली.

(पहिला स्टार्ट. सायलेन्सरमधून पांढरा झोत.)

थंडीत सकाळी दिसणारी वाफ दोन-चार फुटांत विरते. तिला धूर म्हणू नका. डिझेलचा पांढरा धूर हवेत रेंगाळतो, डोळ्यांना झोंबतो, कच्च्या डिझेलचा वास मारतो. तो मिनिटभरात थांबत असेल आणि तेवढा वेळ इंजिन थरथरत असेल, तर आधी हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन चालू होताना सिलिंडर तापवणारे प्लग, तपासा. वायर काढून मल्टिमीटर ओहमवर ठेवा. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा, मग प्लग मोजा. चांगला प्लग साधारण अर्धा ते एक ओहम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर प्लग मेला. जुन्या इनडायरेक्ट इंजेक्शनच्या (डिझेल आधी छोट्या कप्प्यात फवारणाऱ्या) गाड्या या प्लगवर फारच अवलंबून असतात, कॉमन रेलच्या (एकाच नळीतून डिझेल फवारणाऱ्या सगळ्या नोझलना जास्त दाबानं डिझेल देणाऱ्या) कमी.

पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल, वास गोडसर असेल आणि बाटलीतलं कूलंट उतरत असेल, तर सगळे हेड गॅस्केटकडे (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) बोट दाखवतात. हेडला हात लावण्याआधी ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग, बघा. तो आतून फुटला की कूलंट थेट इनटेकमध्ये (हवा आत जायच्या वाटेत) जातं आणि लक्षणं जवळपास तीच दिसतात. कूलंटचे दोन होज कूलरपासून काढून एकमेकांना जोडा आणि गाडी काही दिवस चालवा. पातळी उतरायची थांबली, तर हेड उतरवायचा खर्च वाचला. उलट, थंड इंजिनावर सकाळीच रेडिएटरचा होज दगडासारखा कडक लागत असेल आणि बाटलीत सतत बुडबुडे येत असतील, तर गॅस्केटचा संशय खरा.

(वाघबीळचा चढ. मागच्या गाडीतून चित्रण.)

काळ्या धुराची परीक्षा गॅरेजमध्ये रेस करून होत नाही. इंजिनावर लोड हवा. वाघबीळवरून पन्हाळ्याकडे चढताना गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा आणि १,५०० आरपीएमवरून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. धूर काळा, पिकअप नाही आणि बोनेटखालून हवा सुटल्याचा फुसफुस आवाज, असं तिन्ही जमलं तर नोझलकडे नंतर बघू. आधी टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) होज बघा.

(होजचा क्लोजअप.)

इथं नीट बघा. क्लिपच्या कडेला तेलकट डाग, त्यावर चिकटलेली धूळ. हवा तिथून सुटते आणि बरोबर ऑइलची बारीक फवार बाहेर टाकते. चीर मात्र उभ्या गाडीत दिसणार नाही, कारण ती दाब आल्यावरच उघडते. होज काढा, हातात वाकवा, आतून बघा. खात्री करायची असेल तर टर्बोच्या तोंडाला बूच मारून आत पाऊण ते एक बार हवा सोडा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. क्लिप आणि होज बदलून सुटणाऱ्या गाडीला चार नोझल विकले जातात, ते ही पायरी गाळल्यामुळे.

एअर फिल्टर तर बघायचाच. आपल्याकडं ऊसतोडीच्या हंगामात पाचट जाळलेली राख आणि ट्रॉल्यांच्या मागची धूळ फिल्टरवर बसते. कंपनीच्या पुस्तकातल्या किलोमीटरवर तेव्हा विसंबू नका.

फिल्टर आणि होज ठीक असूनही कमी आरपीएमला काळा धूर असेल, तर ईजीआर व्हॉल्व्ह काजळीनं उघडा अडकला असण्याची शक्यता मोठी. तपासणीपुरती मधे पत्र्याची पट्टी टाकून बघता येतं. धूर घटला तर व्हॉल्व्ह काढून साफ करा आणि पट्टी काढून टाका. ती कायमची ठेवायची वस्तू नाही. शिवाय शहरातच हळू चालणारी गाडी पहिल्या जोरदार दाबाला साठलेली काजळी ओकतेच. महामार्गावर पंधरा-वीस किलोमीटर २,५०० ते ३,००० आरपीएमवर पळवून मगच मत बनवा.

(चार बाटल्या, चार पारदर्शक नळ्या.)

आता नोझल. इंजिन गरम असताना रिटर्नच्या नळ्या काढून प्रत्येक नोझलला एक बाटली लावा, मूळ रिटर्न लाइनला बूच मारा आणि दोन-तीन मिनिटं आयडलवर चालवा. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त डिझेल जमलं, तर तो नोझल आतून गळतोय. ही चाचणी टपकणारं टोक मात्र पकडत नाही. त्याला टेस्ट बेंचच लागतो. आणि कॉमन रेलवर जुन्या पंपासारखा हाय प्रेशरचा नट सैल करून सिलिंडर शोधायचा नाही. रेलमध्ये दाब १,६०० बारपर्यंत, नव्या गाड्यांत त्याहूनही वर जातो, डिझेल कातडीतून आत घुसतं. नोझल परत बसवताना तांब्याचा वॉशर नवाच लागतो, आणि बऱ्याच गाड्यांत नव्या नोझलचा कोड ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) टाकावा लागतो.

पीयूसीतला धुराच्या दाटपणाचा आकडाही कामाला येतो. बीएस-४ डिझेलला मर्यादा १.६२ प्रति मीटर, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. दुरुस्तीआधी आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवा. फक्त ही चाचणी लोडशिवाय होते, त्यामुळे होज फुटलेली गाडीही त्यातून सुटू शकते. बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी दिसत असेल, तर डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) फुटलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय.

(गाडी बराच वेळ आयडलवर. मग रेस. निळा ढग.)

आता निळा. पेट्रोलवाल्यांची एक युक्ती आहे: उतारावर अॅक्सिलरेटर सोडायचा आणि खाली आल्यावर दाबायचा, धूर आला की व्हॉल्व्ह सील गेलं. डिझेलला ती तितकी लागू पडत नाही, कारण इनटेकमध्ये पेट्रोल इंजिनासारखी ओढच नसते. डिझेलमध्ये सील ओळखायचं रात्रभर उभ्या गाडीच्या पहिल्या स्टार्टवर: निळा झोत येतो आणि लवकरच थांबतो. दहा मिनिटं आयडलवर ठेवून रेस केल्यावर ढग निघाला, तर टर्बो. पण टर्बो बदलण्याआधी त्याचा ऑइल रिटर्न पाइप आणि इंजिनचा ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारी वाट) तुंबलाय का बघा. ऑइलला खाली यायला वाट नसली, की चांगलं सीलही पाझरतं. इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा पातळ थर असणं चालतं. ओतता येईल इतकं ऑइल चालत नाही.

टर्बोतून ऑइल भरपूर जायला लागलं, तर इंजिन त्याच ऑइलवर आपोआप रेस होतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. मॅन्युअल गाडीत ब्रेक घट्ट दाबून सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा. हवेच्या पाइपावर हात ठेवू नका.

लोडवर सतत निळा धूर आणि ऑइलचं झाकण काढल्यावर जोराचे झोत, ज्याला आपल्याकडं बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, ते रिंगांचं लक्षण. ऑइल मोजायच्या पट्टीवर वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा, हजार किलोमीटर चालवा, मापानं परत भरा. लिटरभर लागलं तर गोष्ट गंभीर. कॉम्प्रेशन मोजा: बऱ्याच चांगल्या इंजिनांत २५ ते ३० बार येतं, आणि सिलिंडरांमध्ये तीन-चार बारहून जास्त फरक दिसला तर संशय घ्या. सिलिंडरमध्ये ऑइल ओतून परत मोजायची पद्धत डिझेलला फसवते. ज्वलनाची जागा इतकी छोटी, की ऑइलनंच आकडा वाढतो, आणि जास्त ओतलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

त्याऐवजी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन वर आणून हीटर प्लगच्या भोकातून हवा सोडा आणि कान लावा. सायलेन्सरमधून आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा. रिंगा निघाल्या, तर खोला इंजिन. पण उद्यमनगरात ब्लॉक टाकताना बोअर (पिस्टन ज्यात चालतो ते भोक) वरच्या, मधल्या आणि खालच्या बाजूला, दोन दिशांनी, डायल गेजनं मोजून आकडे लिहून मागा. माप मर्यादेत असेल तर होनिंग (बोअर आतून हलकं घासणं) आणि नव्या रिंगांवर भागतं, बोअर मोठा करायची गरज नसते.