बोसोलाचा पगार

(दृश्य: सॅम वॅनामेकर प्लेहाऊस, लंडन. झुंबर दोरानं खाली येतं.)

लंडनच्या बँकसाइडवर, ग्लोब नाट्यगृहाच्या आवारातच हे छोटं लाकडी थिएटर आहे. जेमतेम 340 प्रेक्षक बसतात. प्रयोग चालतो मेणबत्त्यांवर. झुंबर खाली घ्यायचं, एकेक वात पेटवायची, पुन्हा वर ओढायचं. मेणही खरं, मधमाश्यांचं. पहिल्या जेम्सच्या राज्यात, चारशे वर्षांपूर्वी, लंडनच्या बंदिस्त नाट्यगृहांत असंच चालायचं. वाती कातरायला वेळ मिळावा म्हणून दोन अंकांच्या मध्ये वादक वाजवत बसायचे. 2014 च्या जानेवारीत हे थिएटर उघडलं ते त्याच काळातल्या जॉन वेब्स्टरच्या 'द डचेस ऑफ माल्फी' या नाटकानं.

माल्फीच्या ड्यूकची विधवा, म्हणजे डचेस, आपल्याच कारभाऱ्याशी, अँटोनिओशी चोरून लग्न लावते. तिचे दोन भाऊ, ड्यूक फर्डिनंड आणि एक कार्डिनल, म्हणजे चर्चचा बडा धर्माधिकारी, घराण्याच्या अब्रूसाठी तिच्या जिवावर उठतात. इटलीतल्या एका खऱ्या डचेसच्या हकिगतीवरून वेब्स्टरनं हे रचलं.

त्या काळच्या सूडनाट्यांत हात कुणाचेच स्वच्छ राहत नाहीत. 'द रिव्हेंजर्स ट्रॅजेडी'तला व्हिंडिची मेलेल्या प्रेयसीच्या कवटीला विष फासतो, ड्यूकला तिचा मुका घ्यायला लावतो आणि शेवटी आपल्याच फुशारकीपायी पकडला जातो.

पण आपण थांबू या 'माल्फी'तल्या बोसोलापाशी.

(दृश्य: काळा झगा घातलेला नट, खांबाला टेकून.)

बोसोला शिकलेला माणूस. पादुआत होता, विद्वान म्हणून ओळखला जायचा. मग एका खुनापायी सात वर्षं गलबतावर वल्ही मारायची शिक्षा भोगून आला. तो खून कार्डिनलनंच करवला, अशी दरबारात कुजबुज. नाटक सुरू होतं तेव्हा हा कार्डिनलच्या मागे मागे फिरतोय, केलेल्या कामाचं काहीतरी द्या म्हणून. कार्डिनल ढुंकून बघत नाही. फर्डिनंड मात्र सोन्याची नाणी पुढे करतो. बोसोला सरळ विचारतो, गळा कुणाचा कापायचाय? गळा नाही, नुसती नजर ठेवायची, बहिणीच्या वाड्यात. वर डचेसच्या पागेची देखरेख करायची नोकरी.

ही नोकरी घेतल्यानं आपण काय होणार, हे बोसोलाला तिथल्या तिथे कळतं. बोलूनही दाखवतो. आणि घेतो. आम्हाला विचाराल तर अख्ख्या नाटकात इतकं भेदक दुसरं काही नाही.

(दृश्य: जर्दाळूंची परडी, जवळून.)

डचेसला दिवस गेलेत का, हे त्याला शोधायचंय. तो मोसमातले पहिले जर्दाळू घेऊन येतो. ती अधाशासारखी खाते. सोलून खायला हवे होते, तो म्हणतो. छे, कस्तुरीसारखी चव लागली, ती म्हणते. तिचं खाऊन झाल्यावर हा सांगतो की माळ्यानं ते घोड्याच्या लिदीत पिकवले होते. पागेवाल्यालाच हे सुचायचं! काही क्षणांत तिच्या पोटात कळा सुरू होतात. बातमी पक्की.

(दृश्य: मेणबत्त्या एकेक करून विझतात. पूर्ण काळोख.)

बहिणीचं तोंड पाहणार नाही अशी फर्डिनंडची शपथ. म्हणून कैदेतल्या डचेसला तो अंधारात भेटतो. हात पुढे करतो. ती त्याचाच समजून ओठ टेकवते. हात गार लागतो. दिवे आणा, ती ओरडते.

(दृश्य: एक मेणबत्ती पेटते. तुटलेला हात. तीन सेकंद निवेदन नाही.)

पुढे डचेसला गळा आवळून मारलं जातं, मुलांनाही. काम बोसोलाच्या देखरेखीत होतं. मग तो पैसे मागतो. फर्डिनंड म्हणतो, तुझं बक्षीस म्हणजे या खुनाची माफी. वर विचारतो, तुला तिची दया कशी आली नाही? इथून बोसोला उलटतो आणि डचेसचा सूड घ्यायला निघतो. पाचव्या अंकात अँटोनिओ, कार्डिनल, फर्डिनंड आणि तो स्वतः, सगळे मरतात.

(दृश्य: टॉवर ऑफ लंडन, नदीच्या बाजूनं.)

दरबार इटलीचा दाखवला की लंडनमध्ये बरंच काही बोलता येत असे. 1613 मध्ये याच टॉवरमध्ये, त्या काळच्या तुरुंगात, दरबारातला सर टॉमस ओव्हरबरी विषप्रयोगानं मेला. वेब्स्टर त्याच्या लेखकमित्रांच्या वर्तुळातला. त्या खुनाचा खटला उभा राहिला तोवर नाटक रंगमंचावर येऊन गेलं होतं. 1615 मध्ये हाताखालची चार माणसं फासावर गेली. राजाचा लाडका सॉमरसेटचा अर्ल आणि त्याची बायको 1616 मध्ये त्याच खुनात दोषी ठरले. त्यांना फाशी झाली नाही. 1622 मध्ये दोघं टॉवरमधून बाहेर पडले.

(दृश्य: 1623 च्या छापील प्रतीतली पात्रयादी.)

पुढच्या वर्षी नाटक छापून आलं, कोणी कोणती भूमिका केली त्या यादीसकट. ड्यूक, कार्डिनल, डचेस, सगळे यादीत आहेत. सर्वांत वर आहे बोसोला, नट जॉन लोविन. डचेसचं नाव बरंच खाली.