दोन बोटं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

आज माठाबद्दल बोलायचं आहे. तुमच्याकडे असेलच एखादा, ओट्याच्या कोपऱ्यात तिवईवर. नाहीतर फ्रीज आल्यापासून गच्चीवर गेला असेल आणि त्यात कोरफड लावली असेल. कुटुंब म्हटलं की कुणी वडाचं झाड सांगतं, कुणी गोधडी सांगतं. मला मात्र घर म्हटलं की माठ आठवतो. त्याला कारण आहे आमच्या अकोल्याच्या घरातला एक उन्हाळा. तो सांगणारच आहे, पण आधी एक गोष्ट मनात धरून ठेवा.

माठ पाझरतो, म्हणून पाणी गार राहतं.

कुंभार माती मळताना तिच्यात राख घालतो, लीद घालतो, कुठे लाकडाचा भुसाही घालतो. आव्यात माठ भाजला की लीद आणि भुसा जळून जातात आणि त्यांच्या जागी बारीक बारीक छिद्रं राहतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण पाण्याला सापडतात. पाणी त्यातून बाहेरच्या अंगावर येतं, वाऱ्यानं उडून जातं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी असं उडालं, तर ते सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता नेतं. एवढ्या उष्णतेनं 20 लिटर पाणी 29 अंशांनी तापलं असतं. ही सगळी उष्णता आतल्या पाण्याचीच असते असं नाही, काही बाहेरच्या हवेतूनही येते. पण जी आतली जाते तीच आपल्याला पुरते. रात्री काठोकाठ भरलेला माठ सकाळी पाहा. कुणी एक घोटही प्यायलेलं नसतं, तरी पाणी थोडं उतरलेलं असतं. आमची आजी म्हणायची, दोन बोटं गेलं. ती दोन बोटं गेली म्हणून बाकीचं गार झालं. पुन्हा सांगते, दोन बोटं गेली म्हणून बाकीचं गार झालं.

माठ आणि घर यांचं नातं आपल्याकडे फार जुनं आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची घरं सापडली, आणि घरांच्या जमिनीखाली मातीची मोठी भांडी, दोन-दोन, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. आत काय होतं? गेलेली लहान लेकरं. ती माणसं आपलं मूल गावाबाहेर नेत नव्हती. घरातच, मातीच्या भांड्यात, पायाखाली जपत होती. हे वाचलं त्या दिवशी मी माठाला हात लावून कितीतरी वेळ उभी होते.

तर आता अकोल्याला चला.

मी सहावीत होते. घरात आजी-आजोबा, आई-बाबा, काका-काकू, लग्नाची आत्या आणि आम्ही चार पोरं. काकांचं सरकी-ढेपेचं दुकान होतं. त्या वर्षी मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला, वादळात गोदामाचे पत्रे उडाले आणि थप्पीच्या थप्पी सरकी भिजली. भिजलेली सरकी आतून तापते, मग कुजते. तिचा वास ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. आणि माल सगळा उधारीवर उचललेला.

आजोबांनी रात्री सगळ्यांना माजघरात बसवलं. आम्हा पोरांनासुद्धा. म्हणाले, "ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाणार नाही. पोरीचं स्थळ येतंय. झाकली मूठ सव्वा लाखाची." आजोबांचा शब्द म्हणजे शब्द. आम्ही शाळेतही तोंड उघडलं नाही.

तेव्हापासून आमच्या घरात काय झालं ते सांगते. काका ताटावर बसायचे आणि अर्धी पोळी खाऊन उठायचे. कुणी विचारायचं नाही. बाबा चपला जागेवर नाहीत म्हणून ओरडायचे. आई आणि काकू, ज्या एका ताटात जेवायच्या, त्या दूध कुणी उतू घालवलं यावरून दोन दिवस बोलल्या नाहीत. सरकीचं नाव कुणी काढत नव्हतं, पण प्रत्येक भांडण सरकीचंच होतं. एप्रिल उजाडला. बाहेर पारा चव्वेचाळीसवर आणि घरात त्याहून जास्त.

स्थळ येणार म्हणून घराला रंग काढला. दारं-खिडक्या आकाशी केल्या. डब्यात थोडा ऑइलपेंट उरला. आमच्या काकूच्या हातात कला होती. ती रांगोळी काढायला बसली की गल्लीतल्या बायका पाहायला यायच्या. तिनं उरलेला रंग माठाला दिला. एक हात दिला, वाळू दिला, दुसरा हात दिला. वर पांढऱ्या रंगानं वेल काढली, गळ्याशी लाल ठिपके. आम्ही पोरं भोवती उकिडवी बसून पाहत होतो. आजीसुद्धा म्हणाली, "छान झालं गं." माठाला एरवी ओलं फडकं गुंडाळलेलं असायचं. वेल झाकली जाईल म्हणून ते काढून दोरीवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी पाणी कोमट. वाटलं, आत्ताच भरलं असेल. तिसऱ्या दिवशीही कोमट. आजी म्हणाली, यंदा ऊनच फार आहे. आणि चौथ्या दिवशी पाहुणे आले.

वाशीमकडचे लोक होते. मुलाचे वडील शांत, बाजारात उठबस असलेले. आत्यानं गूळ-पाणी ठेवलं. त्यांनी फुलपात्र तोंडाला लावलं, एक घोट घेतला आणि खाली ठेवलं. उन्हातून आलेला माणूस, श्रोतेहो, आणि पाणी अर्ध्यात ठेवतो! मग त्यांनी सहज विचारलं, "यंदा पावसानं तुमच्याकडे नुकसान केलं म्हणतात?"

आजोबा म्हणाले, "छे छे, आमचं काही नाही. देवाची कृपा आहे."

त्या गृहस्थांनी काकांकडे पाहिलं. काकांनी मान वर केली नाही. मग पोहे झाले, चहा झाला, सुपारी झाली. पाहुणे उठले.

ते गेल्यावर आजी माठाशी गेली. तिनं पालथा हात माठाच्या पोटाला लावला. हळूहळू खाली आणला. तळाशी नेला. तिवईखालच्या वाळूत तिनं मेथी पेरली होती, पाझरावर उगवायची ती. ती करपून गेली होती. आजी म्हणाली, "हा तर कोरडा आहे." एवढंच म्हणाली. पण मी तिचा चेहरा पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंभार हातगाडी घेऊन गल्लीत आला. आजीनं त्याला आत बोलावलं. त्यानं माठ पाहिला आणि म्हणाला, "माय, याले रंग कायले लावला? आता हा पाझरन कुठून?" आजीनं विचारलं, घासला तर निघेल का? तो म्हणाला नाही, आत मुरला. आजीनं त्याच्याकडून नवा माठ घेतला, बोटाच्या पेरानं वाजवून, खणखणीत आवाजाचा.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी. आजी तिला म्हणाली, "तुझी चूक नाही बाई. आम्ही सगळ्यांनीच रंग लावलाय."

पंधरा दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला. आम्हाला नुकसानीचं आधीच ठाऊक होतं. तोटा कुणाला होत नाही? पण आम्ही विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात. सोयरीक जमणार नाही.

आजोबा रात्रभर ओसरीत येरझारा घालत होते. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजीनं एक काम केलं. बाहेर ओट्यावर बसून शेजारच्या मावशींबरोबर गहू निवडताना ती चांगल्या मोठ्या आवाजात, आत आजोबांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "माझ्या धाकट्याला फार तोटा झालाय. पोरगं जेवत नाही."

झालं. पाझर फुटला.

फार मोठं काही घडलं नाही. मावशींचा मुलगा एका जिनिंगमध्ये हिशेब लिहायचा. तो दोन दिवसांनी आला आणि काकांबरोबर वह्या घेऊन बसला. कुणी सांगितलं, कुजकी सरकी खत म्हणून संत्र्याच्या बागांना जाते. चार पैसे सुटले. कर्ज फिटायला सहा वर्षं लागली, हेही सांगते. लोक बोलले. दोन नातेवाइकांनी त्या वर्षी लग्नाला बोलावलं नाही. ती दोन बोटं गेलीच. पण त्या आठवड्यात एका रात्री काकांनी दुसरी पोळी मागितली. आई आणि काकूनं एकमेकींकडे पाहिलं. मी ते पाहिलं. आत्याचं लग्न पुढच्या वर्षी झालं, दुसऱ्या घरी, आणि त्या घरी आजोबांनी पहिल्याच बैठकीत कर्जाचा आकडा सांगितला.

आता वेळ थोडा उरला आहे, तरी दोन-तीन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एक म्हणजे, कोकणातल्या माझ्या मैत्रिणी म्हणतात, आमच्याकडे माठात तेवढं गार होत नाही. बरोबर आहे. तिथली हवा आधीच पाण्यानं भरलेली, ती आणखी पाणी घेणार कुठे? पाझरायला माठ हवा तशी घ्यायला कोरडी हवा हवी. घरात कुणी बोलायला लागलं आणि ऐकणारा स्वतःच्याच विषयानं भरलेला असला, तर बोलणाऱ्याला गारवा मिळत नाही. शेजारच्या मावशींनी त्या दिवशी गहू निवडणं थांबवलं होतं, आणि स्वतःचं एकही दुःख मध्ये आणलं नव्हतं.

दुसरं, सगळंच पाझरू द्यावं असं मी म्हणत नाही. लोणच्याला चिनी मातीची बरणीच लागते, आतून-बाहेरून चकचकीत, थेंब न सोडणारी. नवरा-बायकोच्या काही गोष्टी, एखाद्या पोरीनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट, ती बरणीतच राहू द्या. लोणचं माठात घालू नये आणि पाणी बरणीत भरू नये. आमच्या आजोबांनी पाणी बरणीत भरलं होतं.

आणि ही तोटीची फॅशन. हल्ली माठाला तोटी असते. ज्याला तहान लागेल तो येतो, पेला लावतो, पाणी घेतो, जातो. मला ती तोटी आवडत नाही. ओगराळ्यानं पाणी काढायचं म्हणजे झाकण उघडावं लागतं, वाकावं लागतं, पाणी किती उरलं ते दिसतं. आणि वाकलेलं माणूस सहज विचारतं, तुला पण देऊ का? हा प्रश्न तोटीनं घरातून नेला. लग्नकार्यांत तर आता पाहुण्याच्या हातात प्लास्टिकची छोटी बाटली देतात. घरी आलेल्याला आपल्या हातानं पाणी द्यायचं, एवढंही आपण सोडून दिलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

माठ जुना झाला की पाणी गार होत नाही, हेही तुम्हाला माहीत आहे. पाण्यातले क्षार छिद्रांत साचतात. रंग कुणी लावलेला नसतो, तरी तोंडं बुजतात, वर्षावर्षानं, थोडी थोडी. मग काथ्यानं बाहेरून घासावं लागतं. साबण नाही लावायचा, तो आत शिरतो आणि पाण्याला वास देतो.

तो आकाशी माठ आजीनं फोडला नाही. काकूनं त्यात तांदूळ ठेवले, बरीच वर्षं. काकू आता ऐंशीच्या पुढे आहे. गेल्या अक्षय्य तृतीयेला मी तिच्यासाठी बाजारातून माठ नेला. बाजारात रंगवलेले, नक्षीचे पुष्कळ होते, मी साधा लाल घेतला. तिला आता नीट दिसत नाही. पाणी भरून तिवईवर ठेवला, आणि दुपारी ती भिंतीला धरत धरत माठापर्यंत आली. पालथा हात त्याच्या पोटाला लावला, खालपर्यंत नेला. बोटं ओली झाली. ती तिनं तशीच माझ्या गालाला लावली.

नमस्कार.