तलवारीवरचं नाव शेवटी वाचा: जुनी युरोपीय तलवार पारखायची कशी?

नमस्कार मंडळी.

स्क्रीनवरचा फोटो नीट बघा. स्कॉटलंडची तलवार आहे, सतराव्या-अठराव्या शतकातली. मूठ जाळीदार, हात आत घातला की पंजा सगळीकडून झाकला जातो. पातं सरळ, रुंद, दुधारी. आणि पात्याच्या पन्हळीत, म्हणजे मधल्या लांब खोबणीत, अक्षरं आहेत: आंद्रेआ फेरारा.

असे फोटो मला खूप जण पाठवतात आणि सोबत एकच प्रश्न असतो. "नाव आहे, म्हणजे अस्सल ना?"

आंद्रेआ फेरारा हा खराखुरा कारागीर होता. सोळाव्या शतकात उत्तर इटलीतल्या बेल्लुनो भागात तो आणि त्याचा भाऊ पाती घडवायचे, आणि त्यांच्या कामाचा बोलबाला दूरवर होता. पण स्कॉटलंडमध्ये या नावाच्या तलवारी इतक्या सापडतात, आणि त्यातल्या कितीतरी त्याच्यानंतर शंभर-दीडशे वर्षांनी घडलेल्या आहेत, की हे एका माणसाचं किंवा एका घराण्याचं काम असूच शकत नाही. यातली बहुतेक पाती जर्मनीतली, मुख्यतः झोलिंगेनची. नावाचं स्पेलिंगसुद्धा एक नाही. कुठे 'फेरारा', कुठे 'फरारा', कुठे 'आंद्रिया'. शेजारी बरेचदा पळत्या लांडग्याची खूण असते. हा लांडगा मुळात पासाऊ शहराच्या लोहारांचा. तो चांगल्या पात्याची ओळख झाला, म्हणून झोलिंगेनवाल्यांनी तोही उचलला.

स्पेनच्या तोलेदोची हीच कथा. तोलेदोच्या नामांकित कारागिरांची नावं झोलिंगेनच्या पात्यांवर सर्रास कोरलेली मिळतात, आणि त्यात स्पॅनिश माणूस कधी करणार नाही अशा चुका असतात.

आणखी मागे जाऊ. नववं ते अकरावं शतक. उत्तर युरोपात, नद्यांच्या तळाशी आणि थडग्यांमध्ये, 'उल्फबेर्ट' असं नाव लोखंडी अक्षरांत पात्यात बसवलेल्या दीडशेहून जास्त तलवारी सापडल्या आहेत. दोनशे वर्षं एकच माणूस काही भट्टीसमोर बसलेला नसणार. धातुशास्त्रज्ञ ॲलन विल्यम्स यांनी यातल्या बऱ्याच पात्यांचं पोलाद तपासलं. काही पाती उच्च कार्बनच्या उत्तम पोलादाची निघाली, काही अगदी साध्या लोखंडाची. वर नाव मात्र तेच. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही नावावर माल खपत होता.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की तलवारीवरचं नाव सगळ्यात शेवटी वाचायचं. ते खोटं असतं असं नाही. ते खरं की खोटं हे बाकीच्या तलवारीला विचारल्याशिवाय कळत नाही, म्हणून.

[स्क्रीनवर: मध्ययुगीन पात्यांच्या आकृत्या]

मग सुरुवात कुठून करायची? आकारापासून. यूअर्ट ओकशॉट या इंग्रज अभ्यासकाने विसाव्या शतकात मध्ययुगीन युरोपीय तलवारींची वर्गवारी केली. दहाव्यापासून बाविसाव्या प्रकारापर्यंत, रोमन आकड्यांत. आजही जगभरचे संग्राहक 'ही बाराव्या प्रकारची', 'ही पंधराव्या प्रकारची' असंच बोलतात. त्याने पाहिलं काय? पातं किती निमुळतं होतं, त्याचा छेद कसा आहे, मधली पन्हळ किती रुंद आणि कुठवर जाते, मूठ एका हाताची की दोन हातांची. दहाव्या प्रकारचं पातं रुंद, लांब पन्हळीचं, सपाट, मुख्यतः वार करायला. पंधराव्याचं त्रिकोणासारखं टोकदार, मध्ये उंच कणा असलेलं, कारण तोवर अंगावर पोलादी पत्र्यांची चिलखतं आली होती आणि त्यांच्या फटीत खुपसायला टोक लागत होतं. समोरच्याचं चिलखत बदललं तसं पातं बदललं. हे एकदा लक्षात आलं की प्रकारांचे आकडे पाठ करावे लागत नाहीत.

आणि ही पन्हळ रक्त वाहून जावं म्हणून नसते. कृपया हे आता कुणाला सांगू नका. पन्हळीने पात्याचं वजन कमी होतं आणि ताठपणा टिकतो. एका हाताच्या मध्ययुगीन तलवारीचं वजन साधारण एक ते दीड किलो असायचं. दहा-दहा किलोच्या तलवारी रणांगणात कुणी चालवल्या नाहीत.

आता, या वर्गवारीला तारखा कुठून मिळाल्या? चित्रं, थडग्यांवरचे पुतळे, उत्खननं, हे आहेच. पण मला सगळ्यात जास्त भुरळ पडते ती अलेक्झांड्रियाच्या तलवारींची. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पंधराव्याच्या सुरुवातीला बऱ्याच युरोपीय तलवारी इजिप्तच्या मामलूक सुलतानांकडे पोहोचल्या. कुणी म्हणतं लुटीतून, कुणी म्हणतं सायप्रसकडून नजराणा म्हणून, कदाचित दोन्ही. तिथे त्या अलेक्झांड्रियाच्या शस्त्रागारात जमा झाल्या, आणि जमा करताना पात्यावर अरबीत लेख कोरला गेला. कुणाच्या कारकिर्दीत जमा झाली ते, आणि काहींवर हिजरी साल. म्हणजे ज्या तलवारींवर युरोपात कुणी तारीख घातली नाही, त्यांच्यावर मामलूक अमलदारांनी घातली! त्या वर्षाच्या आधी तो आकार अस्तित्वात होता, हे त्यातून पक्कं ठरतं. यातल्या बऱ्याच आज इस्तंबूलमध्ये आहेत, काही टोरांटो आणि लीड्सच्या संग्रहालयांत. एका सरकारी भांडाराच्या नोंदीने केवढं काम केलं बघा.

[कॅमेरा जवळ. टेबलावर मऊ कापड, त्यावर वाकडी तलवार]

ही एका संग्राहक मित्राची. ब्रिटिश हलक्या घोडदळाची १७९६ च्या नमुन्याची तलवार. नमुना तयार केला जॉन गॅस्पार्ड ल मार्शां या अधिकाऱ्याने, बर्मिंगहॅमच्या हेन्री ऑसबॉर्न या कारागिराला बरोबर घेऊन. पातं साधारण ८४ सेंटिमीटर. टोकाकडे बघा, अरुंद होण्याऐवजी रुंद होतंय. वजन मुद्दाम पुढे ठेवलंय, वार जड बसावा म्हणून.

आता पाठीवर या, मुठीजवळ. कॅमेरा जरा तिरका. दिसतंय? कारागिराचं नाव. ते आत्ता सोडा. त्याच्या खाली, पात्याच्या चपट्या बाजूवर नखाएवढा ठसा आहे, वर मुकुट आणि खाली आकडा. हा सरकारी तपासनिसाचा शिक्का, म्हणजे तलवार चाचणीतून पास झाली. ठशाच्या कडा झिजून गोल झाल्यात. ठसा झिजलेला आणि आजूबाजूचं पातं मात्र लख्ख, असं असेल तर पातं कुणीतरी नंतर घासलंय. ठसा धारदार आणि पातं खडबडीत, तर ठसाच नंतरचा. दोघांचं वय जुळलं पाहिजे.

पुढे. परजेपासून, म्हणजे मुठीच्या पुढच्या आडव्या कांबीपासून, पात्यावर उतरणाऱ्या या दोन लोखंडी जिभा. त्यांच्या खाली टॉर्च मारा. आत काळपट, तपकिरी, घट्ट बसलेला थर आहे. जुना गंज असा असतो. नारिंगी, बोटाला लागणारा गंज ताजा. आणि पातंभर एकसारखे खड्डे पडलेले दिसले तर ॲसिडचा संशय घ्या, कारण वेळ एकसारखी झिजवत नाही. हाताने धरायच्या जागी वेगळं, म्यानाच्या तोंडाशी वेगळं.

शेवटी मुठीचा वरचा माथा. पात्याचा शेपटा मुठीतून आरपार येतो आणि इथे ठोकून बसवलेला असतो. ही ठोकलेली जागा आजूबाजूच्या लोखंडाशी एकरूप झालेली हवी. ताजी चमक, हातोड्याचे नवे घाव किंवा कानसीच्या रेघा दिसल्या तर मूठ उघडली गेली आहे.

हे एवढं का बघायचं? कारण नकलांचा धंदा जुना आहे. १८३९ मध्ये स्कॉटलंडमध्ये एग्लिंटनचा मोठा शूरवीरांचा सामना भरवला गेला, मध्ययुगीन थाटाचा. चिलखतं आणि शस्त्रं पुरवली ती लंडनच्या सॅम्युअल प्रॅट या व्यापाऱ्याने, आणि या प्रॅटच्या दुकानातून बनावट वस्तूही अस्सल म्हणून विकल्या गेल्या. शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये अर्न्स्ट श्मिट यांच्या कारखान्यात उत्तम प्रतिकृती बनत होत्या. त्यांनाच आता सव्वाशे वर्षं झाली, त्यांच्यावरही खराखुरा जुना गंज आहे! आज डेहराडूनमध्ये परदेशी बाजारासाठी प्रतिकृती बनतात, आणि त्या प्रतिकृती म्हणूनच विकल्या जातात. पण दोन-तीन मालक बदलले की तो शब्द गळून पडतो.

इथे एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. मूठ एकीकडची आणि पातं दुसरीकडचं असेल, तर ती तलवार खोटी ठरत नाही. चांगलं पातं महाग असायचं. मूठ मोडली, फॅशन बदलली, मालक बदलला की नवी मूठ चढायची. १६२९ च्या सुमारास झोलिंगेनचे काही कारागीर इंग्लंडमध्ये लंडनजवळ हाउन्स्लोला येऊन राहिले. त्यांच्या पात्यांवर लॅटिनमध्ये 'मला हाउन्स्लोने घडवलं' असं कोरलेलं असतं. हात जर्मन, गाव इंग्लिश. अशा तलवारीचा देश कुठला म्हणणार?

आणि हे आपल्याला, मराठी माणसांना, वेगळं सांगायला नको. आपल्याकडची फिरंग म्हणजे दुसरं काय? युरोपचं पातं, इथली मूठ. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार परत आणली, सुमारे ४७ लाख रुपयांना. तिचं पातं युरोपीय बनावटीचं, सरळ, एकधारी. आणि त्याच्या पाठीवर सोन्याने देवनागरीत रघुजींचं नाव आणि सेनासाहेबसुभा हा किताब. युरोपातला एखादा संग्राहक 'मूळ मूठ गेली' म्हणून हळहळेल. माझ्या मते ही तलवार दोन इतिहासांची आहे आणि दोन्ही अस्सल आहेत. हां, फिरंगीवरच्या खुणांच्या बाबतीत तेवढीच सावधगिरी हवी. समोरासमोरच्या दोन दातेरी चंद्रकोरी ही मूळ इटलीतल्या जेनोआशी जोडलेली खूण आपल्या लोहारांनीही हुबेहूब उठवली आहे. नुसती चंद्रकोर दिसली म्हणून पातं जेनोआचं होत नाही.

युरोपच्या पात्याला इथली मूठ चढल्याचा आणखी एक किस्सा ऐका. कॅप्टन लुई नोलन हा ब्रिटिश घोडदळातला अधिकारी, हिंदुस्थानात राहून गेलेला, १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात, बालाक्लाव्हाच्या लढाईत मारला गेला. त्याने निजामाच्या घोडदळाबद्दल लिहून ठेवलंय. त्या स्वारांच्या तलवारींचे वार भयंकर बसत, म्हणून त्याने चौकशी केली. पाती निघाली ब्रिटिशांनीच मोडीत काढलेली, घोडदळाची जुनी! स्वारांनी त्यांना आपल्या पद्धतीची मूठ चढवली होती, वस्तऱ्यासारखी धार लावली होती, आणि लाकडी म्यानात ठेवली होती. ब्रिटिश स्वाराचं म्यान लोखंडी, प्रत्येक वेळी काढता-घालता धार बोथट. तेच पातं, फरक म्यानाचा आणि निगराणीचा.

आता कागद. लंडनच्या विल्किन्सन कंपनीने १८५४ पासून अधिकाऱ्यांच्या तलवारींना क्रमांक दिले, पात्याच्या पाठीवर, आणि त्यांची नोंदवही ठेवली. कधी चाचणी झाली, कसलं पातं, बऱ्याच वेळा कुणी घेतली. या वह्या टिकल्या आहेत. क्रमांक वाचता आला तर माणसापर्यंत पोहोचता येतं, मग सैन्याच्या याद्यांमधून त्याची पलटण, त्याच्या मोहिमा. म्हणून अशा तलवारीची पाठ कधीही, कधीही पॉलिश पेपरने घासू नका. एक आकडा गेला की माणूस गेला.

तुम्ही काही विकत घेतलंत तर पावती, जुन्या मालकाची चिठ्ठी, लिलावाचा लेबल-दोरा, सगळं जपा. फेकण्याजोगं त्यात काही नसतं.

कायद्याचं थोडक्यात. भारतात शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ती देशाबाहेर नेता येत नाही. तलवारींना १९५९ चा शस्त्र कायदाही लागू होतो, तेव्हा आधी स्थानिक पोलिसांकडे लेखी विचारा, मग पैसे मोजा. ब्रिटनमधल्या मंडळींनो, ५० सेंटिमीटरहून लांब वाकड्या तलवारींच्या विक्रीवर तिथे बंदी आहे. शंभर वर्षांहून जुन्या तलवारींना सूट मिळते, पण जुनेपणा दाखवायची तयारी ठेवा.

आणि पावसाळा. कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी हे लिहून घ्या. पात्याला उघडा हात लावायचा नाही, घामातलं मीठ दोन दिवसांत बोटांचे ठसे गंजात उमटवतं. सुती हातमोजे घाला. पातळ तेलाचा हात किंवा संग्रहालयात वापरतात ते सूक्ष्म स्फटिकी मेण, तेही अगदी पातळ. आणि तलवार चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका. चामडं ओल धरून ठेवतं. म्यान वेगळं ठेवा, पातं वेगळं, आणि दोघांना एकच नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधा.