पितळ घासण्याआधी

(श्रावणात वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. चतुर्थी तोंडावर आली. आता घरोघरी माळ्यावरचं पितळ खाली उतरेल. समया, निरांजनं, हंडे, घागरी, वर्षातून एकदाच लागणारी ती मोठी पातेली. मग मागीलदारी नारळाचं सोडण आणि राख घेऊन घासत बसायचं, आणि गणपती येईपर्यंत खांदे धरलेले. माझं म्हणणं एवढंच की यातलं बरंचसं घासणं फुकट जातं. पितळ साफ करण्याचं काम आंबटाचं आणि पाण्याचं आहे, हाताचं फार थोडं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. शंभरात सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असलेल्या पितळेला जगभर काडतुसाचं पितळ म्हणतात. हे पितळ न फाटता खोल ओढता येतं. सपाट चकतीपासून दाबत-ओढत काडतुसाची पुंगळी, म्हणजे त्याचं पितळी नळकांडं, तयार होते, आणि हंडा-घागरीला लागतो तो गुणही हाच. समई ओतीव असते, तिची गोष्ट थोडी वेगळी, पण साफसफाईपुरता फरक पडत नाही.

काडतुसाचं नाव मी मुद्दाम काढलं. परदेशात नेमबाजीचा छंद असलेले लोक उडवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या टाकून देत नाहीत. साफ करून पुन्हा भरतात, कारण काडतुसात सगळ्यात महाग भाग बहुधा पुंगळीच. पैसे वाचवायचे म्हणूनच हा उद्योग, त्यामुळे स्वस्तात पितळ कसं उजळायचं याचा विचार या लोकांइतका क्वचितच कोणी केला असेल. कोणी अक्रोडाच्या टरफलांच्या भरड चुऱ्यात पुंगळ्या यंत्रात तासन्‌तास फिरवतात. ज्यांना यंत्र परवडत नाही ते बादलीभर गरम पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व टाकून मोकळे होतात. आपल्या कामाचं आहे ते हे दुसरं.

(श्रोत्यांतून प्रश्न : आमच्याकडे शेतीसंरक्षणाची बंदूक आहे. तिच्या पुंगळ्या अशा धुतल्या तर?) नको. काडतुसांचा कारभार 1959 च्या शस्त्र कायद्याखाली येतो, परवान्यात असेल तेवढंच करायचं. कुठे जुनं, न उडालेलं काडतूस सापडलं तर हात न लावता पोलिसांना कळवा. आणि रिकाम्या पुंगळ्या पोरांना खेळायला देऊ नका, आत शिशाची धूळ असू शकते. आपण आपल्या समईकडे वळू.

समईवर दोन थर असतात. वरचा तेलाचा. वर्षभर तापून, सुकून तो चिवट होतो. त्याच्याखाली काळा-तपकिरी थर, तो धातूला हवा लागून आलेला. चिंच लावून काही होत नाही अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेक वेळा तेलाचा थर तसाच असतो. आंबट खाली पोचतच नाही. म्हणून आधी कढत पाणी आणि धुण्याचा सोडा, किंवा रिठ्याचं पाणी. अर्धा तास भिजू द्या, जुन्या दातांच्या ब्रशनं खोबणी काढा. बोटाला चिकट लागेनासं झालं की मगच आंबट.

आंबटाला आपल्याकडे तोटा नाही. चिंच, लिंबू, बिंबलं, आंबलेलं ताक. आणि सोलं तर आहेतच. सोलकढी झाल्यावर खाली उरलेली सोलं कोण फेकतं? त्यांच्यात अजून भरपूर आंबटपणा असतो. चेचून पाण्यात उकळा आणि ते पाणी कोमट झालं की वापरा. काहीच हाताशी नसेल तर वाण्याकडचं लिंबूसत्त्व, लिटरभर गरम पाण्याला एक सपाट चमचा. भांडं बुडवा, पाच मिनिटांनी बघा, फार तर दहा. पाणी हळूहळू हिरवट-निळसर होतं, ते त्यात उतरलेलं तांबं.

इथेच थांबायचं. रात्रभर भिजत ठेवलं की सकाळी पितळ गुलाबी दिसतं. आंबटात जस्त आधी सुटतं, तांबं मागे उरतं, आणि तुमचा पिवळा हंडा तांबूस होतो. मग ती लाली काढायला पुन्हा घासणं आलंच. हे काम लोखंडी कढईत किंवा घमेल्यातही करू नका. पाण्यात उतरलेलं तांबं लोखंडाच्या नादानं पुन्हा बाहेर पडतं आणि भांड्यावर डाग धरतात. प्लास्टिकची बादली उत्तम.

आता मीठ. चिंच-मीठ लावलं की पितळ लगेच उजळतं, खरं आहे. पण तेच मीठ नक्षीत, सांध्यात, कडेच्या दुमडीत राहिलं की दमट हवेत त्याच जागी हिरवे ठिपके उठतात. देशावर हे एक वेळ चालून जाईल. आपल्या वाऱ्यातच खार आहे, त्यात घरचं मीठ कशाला? सोलांना तर मीठ लावलेलंच असतं, म्हणून ती वापरली तर धुणं दुप्पट. आधी चमचाभर खाण्याचा सोडा घातलेलं पाणी, म्हणजे उरलेलं आंबट मरेल. मग साधं पाणी, दोनदा. किनाऱ्याजवळ ज्यांच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे त्यांनी शेवटचं पाणी पागोळ्यांचं घ्यावं. श्रावणात त्याला काय कमी?

यापुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेची काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. कोणी उडवलेली नाहीत, आपटलेली नाहीत, ठेवल्या जागी तडा. उन्हाळ्यात हा प्रकार दिसत नसे, म्हणून त्याचा संबंध ऋतूशी लावला गेला. काडतुसं ठेवलेली असायची घोड्यांच्या पागेत. खरं कारण 1921 साली इंग्लंडात झालेल्या अभ्यासातून उलगडलं : घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, पावसाळी ओल, आणि पुंगळी ओढून घडवताना धातूत कोंडून राहिलेला ताण. हे तिन्ही एकत्र आले की पितळ आतून चिरत जातं. वरून कदाचित चकचकीतच दिसेल.

आता आपल्या घरांकडे बघा. पितळ कुठे ठेवतो आपण? पडवीला लागून गोठा आणि गोठ्याच्या माळ्यावर हंडे. तोच अमोनिया, तीच ओल, आणि ठोकून घडवलेल्या घागरीच्या गळ्यात तोच ताण. जुन्या घागरीला गळ्याशी बारीक चीर दिसली की घरातल्या सुनेनं आपटली असेल असं धरून चालतात. आपटलीही असेल, पण आधी माळा कुठला ते विचारावं. काही पॉलिशांतही अमोनिया असतो. झाकण उघडताच नाकाला झोंबलं तर ती बाटली बाजूला ठेवा.

(प्रश्न : पण गोमूत्र तर पवित्र.) असेल. पितळेपासून लांब ठेवा, एवढंच.

कल्हईच्या भांड्यांना हे उपाय फक्त बाहेरून. आतली कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. राखेनं घासलात तर तो जातो, आणि मग त्यात आमटी केलीत की कळकते. कल्हईवाला जो नवसागर वापरतो तोही अमोनियाच्याच घरचा, म्हणून कल्हई करून आणलेलं भांडं नीट धुवून, पुसूनच ठेवा.

आणि पिवळं दिसतं ते सगळं पितळ नसतं. घंटा बहुधा काशाची, म्हणजे तांबं आणि कथील. वर लाखेचा किंवा मुलाम्याचा थर असेल तर आंबट लावूच नका. देवाच्या जुन्या मूर्ती आणि मुखवटे तर माझ्या मते कोरड्या मऊ फडक्यानं पुसण्यापलीकडे छेडू नयेत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी झिजलेलं नाक-डोळ्यांचं काम तुमच्या एका उत्साही चतुर्थीत सपाट होऊ शकतं. रांगोळी किंवा विटेची पूड लावणाऱ्यांना हे खास सांगणं.

(प्रश्न : वाळवायचं कसं? ऊन कुठे आहे?) सुती फडक्यानं पुसा आणि चुलीच्या उबेला ठेवा, शेगडीपाशी ठेवलं तरी चालेल. समई असेल तर मळसूत्र उघडा, प्रत्येक तुकडा वेगळा वाळवा. पाणी आटे कापलेल्या जागेतच अडून राहतं आणि पुढल्या वर्षी समई उघडत नाही म्हणून पाना लावावा लागतो. पूर्ण कोरडी झाली की खोबरेलाचं बोट फिरवा, जादा तेल पुसून घ्या आणि आट्यांवर मात्र थेंबभर राहू द्या. सण झाल्यावर जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, ओल आतच कोंडते. आणि यंदा माळा बदला.