सात पट्ट्यांचं सोलापूर
(पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आज घरी गेल्यावर कपाटातली सोलापुरी चादर काढा, मुलाच्या हातात भिंग द्या आणि चादरीवरच्या फुलाची कड बघायला सांगा. लांबून गोल वाटणारी पाकळी जवळून पायऱ्यापायऱ्यांची दिसते. मोबाइलवर फोटो खूप मोठा केला की जे चौकोन दिसतात, तसेच हे. मग चादर उलटी करा. वर जिथे गडद रंग होता तिथे खाली फिका आणि फिक्याच्या जागी गडद. असं का, हे लगेच सांगू नका. दोन दिवस तसंच राहू द्या.

कॉमिक्स, विज्ञानकथा, कोडी, हातानं काहीतरी जुळवत बसणं, यांचं वेड असलेले आईबाप इथे बरेच बसलेत. हे वेड मुलांकडे जावं असं वाटतं आणि तिथेच गाडी अडते. एकतर आपण आवडीचं पुस्तक मुलाच्या पुढ्यात ठेवतो आणि त्यानं ते उघडायच्या आत त्यावर बोलायला लागतो. नाहीतर महागडा किट आणतो. किटमध्ये सगळे भाग कापून, भोकं पाडून आलेले असतात, चुकायला जागाच नसते. तासाभरात वस्तू तयार आणि दुसऱ्या दिवसापासून शोकेसमध्ये. मला किटचा राग नाही, पण त्यात मुलाच्या वाट्याला फक्त हमाली येते. मुलाला कामातला खरा वाटा द्या. त्याचा वाटा झाला नाही तर आपला अडला पाहिजे, इतका खरा.

आज त्यासाठी एकच काम घेतो, आणि ते याच गावचं आहे. पुस्तकात घालायची खूण विणायची, तिच्यात मुलाचं नाव लपवायचं आणि हे सगळं कसं केलं त्याचं कॉमिक काढायचं.

आधी चादरीचं कोडं. जोसेफ मारी जॅकार्डनं फ्रान्समधल्या लियोंमध्ये 1804 च्या सुमारास मागावर बसवायचं जे यंत्र केलं, त्याचं नाव आपल्याकडे कारखान्यात रोज घेतलं जातं. त्यात जाड कागदाचे भोकं पाडलेले पत्ते एकमेकांना ओवून माळ केलेली असते. एक पत्ता म्हणजे बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा. पत्त्यावर भोक असलं की समोरची सुई त्यात शिरते, तिचा हुक जागेवर राहतो, वर जाणारी पाती त्याला उचलते आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर जातो. भोक नसलं तर पत्ता सुईला मागे ढकलतो, हुक पातीवरून सुटतो आणि धागा खालीच राहतो. वर किंवा खाली, तिसरी अवस्था नाही. वर गेलेला धागा पुढच्या बाजूला दिसतो, खाली राहिलेला मागच्या बाजूला. चादरीच्या मागचे रंग उलटे दिसतात ते यामुळे. आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर पत्त्यांची जागा संगणकाच्या फाइलनं घेतली आहे, तरी धाग्याला मिळणारा हुकूम तोच आहे.

जॅकार्डचं स्वतःचं चित्र पुढे रेशमात विणलं गेलं. त्याला सुमारे 24,000 पत्ते लागले होते. त्यातली एक प्रत इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजकडे होती. आपल्या गणनयंत्राला हुकूम देण्यासाठी त्यानं हीच पत्त्यांची कल्पना उचलली. त्या यंत्राबद्दल एडा लव्हलेसनं 1843 मध्ये लिहिलं की जॅकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो, तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं. अमेरिकेची 1890 ची जनगणना हर्मन हॉलरिथनं भोकांच्या पत्त्यांवरच मोजली. सोलापूरच्या पूर्व भागातून जाताना मागांची खटाखट ऐकू येते, त्याचं संगणकाशी असं नातं आहे. ते मुलाला सांगा, पण पट्ट्या हातात आल्यावर सांगा.

आता पट्ट्या, म्हणजे आपले घरचे पत्ते. एका अक्षराला एक पट्टी. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. युनिकोड नावाच्या या क्रमांकांच्या यादीत देवनागरीसाठी ओळीनं 128 जागा राखलेल्या आहेत. त्यातली पहिली जागा 0 धरून आपण 127 पर्यंत मोजू. 128 म्हणजे दोनचा सातवा घात, म्हणून कुठलंही देवनागरी अक्षर सात जागांत मावतं. डावीकडून जागांची किंमत 64, 32, 16, 8, 4, 2, 1. स चा क्रमांक 56, म्हणजे 32 अधिक 16 अधिक 8. म्हणून दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जागी भोक, बाकी कोरं.

सोलापूर लिहायला सात पट्ट्या लागतात: स 56, ओकाराची मात्रा 75, ल 50, काना 62, प 42, दीर्घ उकार 66, र 48. सात पट्ट्या, सात जागा आणि एकूण 22 भोकं. काना आणि मात्रा यांना स्वतःचे क्रमांक असतात, हे मुलांना फार आवडतं. मोठ्यांनाही बहुधा पहिल्यांदाच कळतं.

नेमकं चुकतं ते ऱ्हस्व वेलांटीपाशी. शिवानी लिहिताना वेलांटी दिसते श च्या आधी, संगणक मात्र ती श च्या नंतर साठवतो: श 54, मग वेलांटी 63. पट्ट्या दिसण्याच्या क्रमानं लावल्या तर नाव वाचता येत नाही. दुसरी चूक जोडाक्षराची. स्व म्हणजे स, मग पाय मोडायचं चिन्ह 77, मग व. मोडलेल्या पायाचीही एक पट्टी खर्ची पडते.

पट्टीसाठी जुन्या लग्नपत्रिकांचा कागद उत्तम. घरोघरी पडलेला असतो आणि जाडी नेमकी असते. पट्टी 8 सेंटीमीटर लांब, 2 सेंटीमीटर रुंद. भोकांच्या मध्यात 1 सेंटीमीटर अंतर ठेवा. ऑफिसच्या साध्या पंचचं भोक सुमारे 6 मिलिमीटरचं असतं, अर्ध्या सेंटीमीटरवर खुणा केल्यात तर शेजारची भोकं एकमेकांत मिसळतात. पंचचा खालचा डबा काढून पंच उलटा धरा, म्हणजे खूण भोकाच्या मध्यात दिसते. प्रत्येक पट्टीचा वरचा उजवा कोपरा कापा. हा कोपरा विसरलात आणि पट्टी उलटी धरली गेली, तर स चे 56 जाऊन 14 होतात. काना आणि प मात्र दोन्हीकडून सारखेच वाचले जातात. असं का, हे मुलाला शोधू द्या.

वाटणी अशी: एकानं नाव ठरवून गुपचूप पट्ट्या पाडायच्या, दुसऱ्यानं त्या फक्त वाचायच्या. चूक झाली की भलतंच अक्षर येतं आणि कुणी कुणाला रागवायच्या आत ती सापडते. पट्ट्या पाडायचं काम मुलाकडे आणि वाचायचं आपल्याकडे असेल तर रंगत जास्त येते, कारण तेव्हा अडकलेले असतो आपण.

विणायला माग नको, खोक्याचा पुठ्ठा पुरे. 10 बाय 22 सेंटीमीटरचा तुकडा कापा, पण आतल्या लाटा लांबीच्या दिशेनं असल्या पाहिजेत. आडव्या असतील तर ताणा ओढल्याबरोबर पुठ्ठा वाकतो आणि मधले धागे सैल पडतात. निम्म्या पुठ्ठ्यांचं वाटोळं इथेच होतं. वर आणि खाली दर 4 मिलिमीटरवर एक अशा 11 खाचा, प्रत्येक 5 मिलिमीटर खोल. कटर मोठ्यांच्या हातात, खुणा मुलाच्या. ताण्याला पांढरं जाड सूत सुमारे 3 मीटर लागतं. शिवणाचा दोरा नको, बोटाला काचतो आणि नक्षी दिसत नाही. ओळखीत कुणाचा कारखाना असेल तर उरलेल्या सुताची एक कांडी मागून आणा, मुलाला सोबत नेऊन.

अकरातले मधले सात धागे अक्षरांचे, दोन्ही कडांचे दोन-दोन धागे कड सांभाळायला. बोथट सुईत गडद लोकर ओवा. पट्टीवर भोक असेल त्या धाग्याच्या खालून सुई न्या, नसेल तिथे वरून. कडेच्या दोन धाग्यांत एक वरून, एक खालून. अशी एक ओळ झाली की पांढऱ्या सुताची एक साधी ओळ घाला, एक वर एक खाली. पुढची साधी ओळ तिच्या उलट. ही पांढरी ओळ गाळली तर र पर्यंत पोचेतो लोकर घसरून सगळ्या ओळी एकमेकींवर चढतात. कडेला लोकर आणि सूत यांचा एकदा पीळ घाला, म्हणजे शेवटचा धागा सुटून राहत नाही.

विणताना दोन गोष्टी बिघडतात. पहिली, कड आत ओढली जाते. सुरुवातीला 4 सेंटीमीटर असलेली रुंदी वर जाईतो 3 वर येते. धागा सरळ ओढून घट्ट केला की असं होतं. धागा कमानीसारखा सैल टाका आणि मग काट्याच्या चमच्यानं खाली दाबा, कमानीतला जादा धागा वळणांत जिरतो. 4 सेंटीमीटर रुंदीची कागदाची पट्टी हाताशी ठेवून दर चार ओळींनी ताडून बघायला मुलाला सांगा. दुसरी, लांब टाके. र च्या ओळीत शेवटच्या चार जागा कोऱ्या आहेत, तिथे लोकर सलग चार धाग्यांवरून जाते आणि जवळजवळ 2 सेंटीमीटरचा टाका मोकळा राहतो, नखात अडकतो. वेलांटीच्या सहा भोकांत तसाच टाका मागच्या बाजूला पडतो, जवळजवळ 3 सेंटीमीटरचा. मागे पातळ कापडाचं अस्तर चिकटवलं की मागचा प्रश्न मिटतो. पुढच्यासाठी मधल्या एका धाग्याखालून लोकर काढावी लागते, पण मग अक्षर बदलतं. कापडाचा संकेत मोडायचा की टाका सहन करायचा, हा वाद मुलाशी जरूर घाला. चादरीची नक्षी कागदावर काढणाऱ्यालाही हे सांभाळावं लागतं.

नाव सातच ओळींत संपतं, खूण 15 सेंटीमीटरची हवी. मध्ये साधं विणून नाव पुन्हा घ्या. पुस्तकात घालण्याआधी गडद लोकर ओल्या पांढऱ्या कापसानं चोळा. कापसाला रंग लागला तर ती पानालाही लागणार.

पुस्तकांबद्दल थोडक्यात. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मुलाबरोबर वाचायला घ्या आणि चित्रांसाठीही बघा. घरात इंद्रजाल कॉमिक्स असतील, 1964 ते 1990 या काळातले वेताळाचे वगैरे, तर त्यांचा कागद आता पिवळा आणि ठिसूळ झालेला असणार. त्यांना सेलोटेप लावू नका. काही वर्षांत टेप सुटते आणि तिचा चिकट पिवळा डाग पानात मुरतो. दोन चमचे मैदा दहा चमचे पाण्यात शिजवून खळ करा आणि पातळ कागदाच्या पट्टीनं फाटलेलं जोडा. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विषारी आहे, मुलं हात लावणार असतील तर नको. खळ त्या दिवसापुरतीच करा. आपल्या उन्हाळ्यात पंख्याखाली ती लगेच सुकते आणि पान गुंडाळतं, म्हणून पंखा बंद आणि वर वजन. गंजलेल्या पिना काढून त्याच भोकांतून शिवा. मध्ये एक नवं भोक पाडा, सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, आतल्या आत थेट खालच्या भोकातून बाहेर, मधल्या भोकातून पुन्हा आत. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारा. दोरा पुस्तकाच्या उंचीच्या अडीचपट.

आणि आता कॉमिक. ए-फोरचा एक कागद घड्या घालून आठ भागांत वाटा, लांबीतल्या मधल्या घडीवर मधल्या दोन भागांएवढा एकच काप द्या, कागद लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकला. आठ पानांचं पुस्तक तयार होतं, पान साधारण 74 बाय 105 मिलिमीटरचं. चित्र काढण्याआधी पुस्तक दुमडून पेन्सिलनं पानांचे आकडे टाका, मग उलगडा. निम्मी पानं उलटी दिसतील. आकडे न टाकता काढत गेलात तर कथेचा शेवट मुखपृष्ठावर येतो. सगळं एकाच बाजूला काढायचं असल्यानं स्केचपेन मागे फुटला तरी बिघडत नाही, टेबलावर तेवढा पेपर अंथरा. झेरॉक्स काढायची असेल तर कडेनं 6 मिलिमीटर कोरे सोडा, बहुतेक मशीन तेवढी कड छापत नाही.

पानावर दोनपेक्षा जास्त चौकटी नकोत. बोलण्याचा फुगा शेवटी काढा, आधी अक्षरं. मराठीत वर मात्रा आणि खाली उकार येतो, त्यामुळे 4 मिलिमीटरच्या अक्षराला ओळ 9 मिलिमीटरची धरावी लागते. फुगा आधी काढला की "पूर्वी" चा रफार आणि उकार दोन्ही भिंतीत जातात. फुग्यात तीन ओळींपेक्षा जास्त मजकूर आला तर वाक्य कापा. आधी बोलणाऱ्याचा फुगा डावीकडे आणि वर. विणतानाची पायरी दाखवायची तर दोन चौकटींच्या मध्ये काय घडलं ते वाचणाऱ्याला ओळखता आलं पाहिजे: सुई वर, सुई खाली, आणि लगेच दाबलेली ओळ दाखवली तर धागा सैल का टाकला ते हरवतं. तिथे एक चौकट वाढवा. मागाचा आवाज मात्र मुलानं स्वतः ऐकून लिहावा. "खटाखट" आपण सगळेच लिहितो. कारखान्याच्या दाराशी दोन मिनिटं उभं राहिलं की धोटा फेकल्याचा, तो आदळल्याचा आणि फणी बसल्याचा आवाज वेगवेगळा ऐकू येतो, आणि प्रत्येकाला वेगळं अक्षर लागतं.